बोअरवेलसाठी जीआय पाइप: मानक, वर्ग आणि वजन तपासूनच खरेदी करा

सबमर्सिबल पंप ज्या जीआय पाइपवर लटकतो, तो दुकानात वरून एकसारखाच दिसतो. मात्र पत्रा पातळ असेल तर पाइप आट्यांजवळ तुटून पंप खाली पडतो; तो निघाला नाही, तर बोअरवेलही वाया जाऊ शकते.

पाइप कशाचा असतो?
जीआय पाइप म्हणजे कमी कार्बनचे सौम्य पोलाद आणि त्यावर जस्ताचा मुलामा. कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपर्यंतच असल्याने पाइप ठिसूळ नसतो, आटे पाडता येतात. जस्त गंज रोखते. ताकद मात्र पत्र्याच्या जाडीतून येते.

कोणते मानक कशासाठी?
- आयएस १२३९ (भाग १): १५० मिमीपर्यंतचे सर्वसाधारण पाइप
- आयएस ४२७०: विंधनविहिरीचे पोलादी पाइप
- आयएस ३५८९: पाणीपुरवठ्याचे मोठ्या व्यासाचे पाइप

‘एफई ४१०’ या ग्रेडमधील आकडा किमान ताणशक्ती (न्यूटन प्रति चौ. मिमी) सांगतो, जाडी नव्हे.

दोन इंची (५० मिमी) पाइपचे वर्ग
- हलका, पिवळा पट्टा: जाडी २.९ मिमी, ६ मीटरचे वजन सुमारे २४.५ किलो
- मध्यम, निळा पट्टा: ३.६ मिमी, सुमारे ३०.२ किलो
- जड, लाल पट्टा: ४.५ मिमी, सुमारे ३७.१ किलो

आटे पाडताना सुमारे दीड मिमी पत्रा कापला जातो. म्हणजे हलक्या पाइपमध्ये तिथे निम्मीच जाडी उरते. मध्यम वर्गाचा १०० मीटर पाइप सुमारे ५०० किलो आणि आतले पाणी सुमारे २२० किलो. पंपासह हा सगळा भार सर्वांत वरच्या आट्यांवर येतो. त्यामुळे पंपासाठी हलका पाइप टाळावा. मध्यम की जड, हे खोली व पंपाच्या वजनानुसार ठरवावे.

खरेदी करताना
- केवळ रंगाच्या पट्ट्यावर विसंबू नका. पाइप काट्यावर ठेवा. थोडा फरक मानकात मान्य असतो. मात्र ‘मध्यम’ म्हणून घेतलेला पाइप २५ किलोच्या आसपास भरला, तर तो घेऊ नका.
- आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळा.
- बिलावर मानक, वर्ग आणि जाडी लिहून घ्या.

वापरताना
- जीआय पाइपला वेल्डिंग केल्यास तिथले जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो. शक्यतो आट्यांचे सॉकेट वापरा.
- ठिबकची आम्लप्रक्रिया करताना आम्ल जीआय पाइपमधून सोडू नका; ते जस्त आणि पोलाद दोन्ही खाते.