सिकलसेल : हार्वे इटानो यांचे संशोधन आणि आपली जबाबदारी

विदर्भातील आदिवासी व बौद्ध वस्त्यांना ‘सिकलसेल’ हा शब्द अपरिचित नाही. सतत अशक्तपणा, सांधे ठणकणे, डोळे पिवळे होणे या लक्षणांना कोठे वातविकार म्हटले गेले, तर कोठे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे झाले. या आजाराचे खरे कारण ज्यांच्या प्रयोगांतून उघड झाले, त्या हार्वे इटानो यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

इटानो यांचा जन्म १९२० साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे जपानी स्थलांतरित कुटुंबात झाला. १९४२ साली बर्कले येथील विद्यापीठात सर्वोच्च गुणवत्तेचे पदक त्यांना मिळाले; परंतु समारंभात ते नव्हते. महायुद्धकाळात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले होते आणि इटानो त्यांपैकी एक होते. गुन्हा कोणताच नव्हता. जन्म हाच गुन्हा ठरला होता. हा अन्याय आपल्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे सेंट लुई येथे १९४५ साली वैद्यकीय पदवी घेऊन ते कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग यांच्याकडे संशोधनासाठी गेले. ऑक्सिजन कमी होताच या रुग्णांच्या लाल पेशी विळ्यासारख्या का वळतात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने हिमोग्लोबिन तपासले असता निरोगी व्यक्तीचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन भिन्न वेगाने सरकते, असे त्यांना आढळले. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार मिळाले. १९४९ साली पॉलिंग, इटानो, सिंगर व वेल्स यांचा हा निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एखादा रोग एका रेणूतील दोषामुळे होतो, हे प्रथमच सिद्ध झाले. ‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’ ही आजची चाचणी याच तत्त्वावर चालते.

१९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवून दिले की, वाहकांना घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य सागराचा परिसर आणि भारत अशा हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. ते कोणाचे पाप नाही, की कोणत्या जातीचा कलंकही नाही.

तथापि ज्ञानाचा उपयोग विवेकाने झाला नाही तर काय होते, हेही याच इतिहासात दिसते. वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमात पडणार नाहीत, असे खुद्द पॉलिंग यांनी १९६८ साली लिहिले. हेतू रोगनिवारणाचा असेल. परंतु माणसाच्या अंगावर जन्माची खूण उमटविणे म्हणजे काय, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

म्हणून दोन गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतील. पहिली, चाचणी. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. एक मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. विवाह ठरविताना पत्रिका पाहण्याऐवजी रक्ताचा अहवाल पाहावा, तो याचसाठी. विवाह आधीच झाला असेल तर गर्भधारणेपूर्वी किंवा गर्भधारणेच्या प्रारंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट, सन्मान. अहवाल हा त्या व्यक्तीचा खाजगी दस्तऐवज आहे. त्यावरून मुलीचे स्थळ मोडून गावभर चर्चा करणे, ही कपाळावर गोंदविण्याचीच दुसरी रीत होय. रुग्ण विद्यार्थ्याने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत, ताप येताच डॉक्टरांकडे जावे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनांचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. मात्र ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. शासन चाचणी उपलब्ध करून देईल. पण तिचा अहवाल हाती आल्यावर आपल्या शेजारच्या घराशी आपण कसे वागतो, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीत हे काम हाती घ्यावे, ही अपेक्षा.