गटाचा फोन : स्वस्त की महागडा?
गटासाठी फोन घ्यायचा तर कोणता, असं आम्हाला गावोगावी विचारतात. सॅमसंगचंच बघू. २०२४ मध्ये आलेल्या एस-२४ ची किंमत होती सुमारे ८०,००० रुपये. ए-१५ मात्र २०,००० च्या आत. महागड्याचा कॅमेरा सरस, वेगही जास्त. पण यूपीआय, गटाचा हिशेब, ई-पीक पाहणीचा फोटो ही कामं स्वस्तातही होतात.

बघायचं ते सुरक्षा अपडेट. ए-१५ ला ५ वर्षं, एस-२४ ला ७. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही! म्हणून जळगाव-धुळ्याच्या दुकानात सवलतीतलं जुनं मॉडेल दाखवलं, तर किती वर्षं उरली ते आधी विचारा. अपडेट संपलेल्या फोनवर गटाचे पैसे सांभाळणं धोक्याचं. वाचलेले ६०,००० कर्जवाटपाला ठेवा. त्यात कुणाच्या दारी शेळ्या येतील.