रिकाम्या वास्तू आणि ख्रिस्तसभेची जबाबदारी

रिकामे घर लवकर पडते, असे आपली जुनी माणसे सांगत. घरात माणसांचा वावर असला की फुटके कौल त्याच दिवशी लक्षात येते. वावर थांबला की पन्हळी पानांनी तुंबतात, वासे कुजतात आणि भिंतीत पिंपळ रुजतो. ख्रिस्तसभेच्या वास्तूही या नियमाला अपवाद नाहीत. युरोप-अमेरिकेतील मोठ्या शहरांत गेल्या काही दशकांत अनेक चर्च, कॉन्व्हेंट व शाळा बंद पडल्या. जुने भाविक उपनगरांत गेले, धर्मगुरूंची आणि व्रतस्थ भगिनींची संख्या घटली, आणि भर वस्तीत कुलूपबंद इमारती उभ्या राहिल्या. अशा वास्तूंचे काय करावे, याविषयी ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो, हे समजून घेणे प्रत्येक धर्मग्रामाच्या हिताचे आहे.

संत ब्रिजिडचे चर्च

न्यू यॉर्क शहराच्या ईस्ट व्हिलेज भागातील संत ब्रिजिडचे चर्च हे याचे बोलके उदाहरण आहे. आयर्लंडमधील भीषण दुष्काळातून जीव वाचवून आलेल्या स्थलांतरितांसाठी ते १८४८-४९ मध्ये उभे राहिले. पुढे वस्ती बदलली, तसे निरनिराळ्या देशांतून आलेले भाविक तेथे प्रार्थना करू लागले. भिंतीला तडे गेल्याने २००१ मध्ये चर्च बंद झाले. भाविकांनी दुरुस्तीसाठी पैसे जमविले. तरीही २००४ मध्ये धर्मग्राम विसर्जित करण्यात आला. २००६ मध्ये पाडकाम सुरू होताच भाविकांनी न्यायालयात धाव घेतली. अखेर २००८ मध्ये नाव जाहीर न करणाऱ्या एका दात्याने २ कोटी डॉलर दिले. त्यांतील १ कोटी चर्चच्या दुरुस्तीसाठी होते. जानेवारी २०१३ मध्ये हे चर्च पुन्हा उपासनेसाठी खुले झाले.

कथा येथे संपत नाही. त्याच धर्मग्रामाची शाळा २०१९ मध्ये बंद पडली. २०२३ मध्ये शहरात निर्वासितांचा ओघ वाढला, तेव्हा त्या रिकाम्या शाळेत नगर प्रशासनाने त्यांच्यासाठी केंद्र चालविले. उपाशी स्थलांतरितांनी वसविलेल्या धर्मग्रामाच्या दारात पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा स्थलांतरितच उभे होते.

कायदा काय सांगतो?

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार मालमत्ता बाळगण्याचे हेतू मुख्यतः तीन आहेत : ईश्वराची उपासना, धर्मगुरू व सेवकांचा योग्य चरितार्थ, आणि प्रेषितकार्य व परोपकार, विशेषतः गरिबांची सेवा (कलम १२५४). या हेतूंपैकी एकही साध्य न करणारी इमारत वर्षानुवर्षे पडून राहणे या कायद्याच्या आशयाशी विसंगत आहे.

कलम १२८४ नुसार मालमत्तेच्या व्यवस्थापकाने दक्ष गृहस्थाप्रमाणे वागावयाचे असते. वास्तूची हानी होऊ न देणे, आवश्यक तेथे विमा उतरविणे, मालकी हक्क देशाच्या कायद्याने सुरक्षित ठेवणे, जमाखर्च व दस्तऐवज नीट जपणे ही त्याची कर्तव्ये आहेत. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरले पाहिजे, असे कलम १२६७ बजावते.

चर्च बंद करण्याबाबत कलम १२२२ आहे. वास्तू उपासनेस निरुपयोगी व दुरुस्तीपलीकडे असेल, किंवा अन्य गंभीर कारण असेल, तरच बिशप तिला लौकिक उपयोगासाठी मोकळी करू शकतात. मात्र तो उपयोग हीन स्वरूपाचा नसावा. दुसऱ्या प्रकारात धर्मगुरूंच्या मंडळाचे मत घ्यावे लागते. दोन धर्मग्राम एकत्र झाले म्हणजे एक चर्च आपोआप बंद झाले, असे नव्हे. त्यासाठी स्वतंत्र निर्णय लागतो. निर्णय मान्य नसल्यास भाविक ठरावीक मुदतीत फेरविचाराची विनंती करू शकतात आणि पुढे रोमकडे दाद मागू शकतात.

पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१३ मध्ये रोममधील निर्वासितांच्या केंद्राला भेट दिली, तेव्हा रिकाम्या कॉन्व्हेंटची हॉटेले करून पैसा मिळविण्याऐवजी ती निर्वासितांसाठी उघडावीत, असे आवाहन केले होते. बंद होणाऱ्या चर्चविषयी २०१८ मध्ये रोममध्ये परिषद झाली व मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे

महाराष्ट्रात ख्रिस्तसभेच्या विश्वस्त संस्थांना राज्याचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. त्याच्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा बक्षीसपत्र करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक, आणि बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने देतानाही ती आवश्यक आहे. घाईने व्यवहार होऊ नयेत, हा यामागील हेतू आहे. परंतु मंजुरीला वेळ लागतो, हे इमारत पडू देण्याचे कारण होऊ शकत नाही.

जुन्या शाळेची रिकामी खोली, पडीक घर, वापरात नसलेला सभागृहाचा मजला आपल्याही धर्मग्रामात असू शकतो. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असावी, असे कलम ५३७ सांगते. या समितीने वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, अशा प्रत्येक वास्तूची पाहणी करावी : छप्पर गळते काय, विजेच्या तारा सुरक्षित आहेत काय, मालमत्ता पत्रक कोणाच्या नावे आहे, अतिक्रमण झाले आहे काय. त्यानंतर वस्तीची गरज विचारावी. कोठे विद्यार्थ्यांना अभ्यासिका हवी असेल, कोठे एकाकी वृद्धांना दिवसभर विसाव्याची जागा, तर कोठे कामाच्या शोधात आलेल्यांना तात्पुरता निवारा.

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील सेवकाने तलान्त उधळला नव्हता, त्याने तो जमिनीत पुरून ठेवला होता. तरीही धन्याने त्याला जाब विचारला. आपल्या पूर्वजांनी पोटाला चिमटा काढून उभारलेल्या वास्तूंच्या किल्ल्या आज आपल्या हाती आहेत. ती कुलुपे कोणासाठी उघडावयाची, हे ठरविण्याची जबाबदारी धर्मगुरूंइतकीच आपणा सर्वांची आहे.