सापाचे डोळे : रोग कोणता, कात कोणती?

साप डोळे मिटत नाही, कारण त्याला पापण्याच नसतात. पापणीऐवजी डोळ्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघून येतो. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे निदान सोपे होते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, अजगर, धामण पकडून पाळता येत नाहीत. युरोप-अमेरिकेत मात्र कॉर्न स्नेक, बॉल पायथन असे बिनविषारी साप हौसेने पाळतात. सापाचे दोन्ही डोळे दुधाळ निळसर झाले की नवखा मालक घाबरतो. पण तो रोग नव्हे. ती कात टाकण्याची पूर्वतयारी होय. काही दिवसांत डोळे निवळतात, मग कात पडते.

पडलेली कात नीट पाहावी. तिच्या डोक्याकडच्या भागात दोन गोल काचा दिसल्या पाहिजेत. एखादी नसेल, तर जुना खवला डोळ्यावरच राहिला असे समजावे. तो चिमट्याने ओढू नये. खालचा खवला फाटून डोळा जाण्याचे भय असते. पिंजऱ्यात ओलावा वाढवावा. बहुधा पुढच्या कातीबरोबर तो सुटतो.

एकच डोळा फुगला तर मात्र धोका. अश्रूंची नळी तोंडात उघडते. तोंडातील संसर्ग तिच्यातून वर चढला की खवल्याखाली पू साचतो. अशा वेळी तोंडही तपासावे आणि विलंब न करता पशुवैद्य गाठावा.

आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगतो : मुका जीव बोलत नाही, म्हणून हात लावण्याआधी नीट पाहावे. डोळा एक की दोन? कातीपूर्वी की कातीनंतर?