आधी भरवसा, मग आराखडा

सेवाकार्यात बदल होण्याची वेळ आली की मंडळीत दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिला माणूस कागद-पेन घेऊन बसतो. नव्या गावी पगार किती, घर मिळेल का, मुलांच्या शाळेचं काय, हे सगळं जुळवून झालं की शेवटी प्रार्थना करतो. म्हणजे निर्णय झालेला असतो, देवाची फक्त सही हवी असते. दुसरा म्हणतो, 'देव दाखवील,' आणि हातावर हात ठेवून बसतो. चौकशीही करत नाही.

वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांचा गोंधळ एकच आहे. भरवसा आणि योजना एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत, असं दोघंही धरून चालतात. तसं नाही. 'हे कसं करायचं?' याचं उत्तर योजना देते. 'हे काम कोणाचं?' याचं उत्तर भरवसा देतो. म्हणून 'आधी भरवसा' यातला 'आधी' केवळ घड्याळाचा नव्हे. घराचा पाया भिंतीच्या आधी घालतात, हे खरं. पण भिंत उभी राहिल्यावर पाया संपत नाही, तो खालीच असतो.

पवित्र शास्त्रातला नहेम्या पाहा. तो शूशन राजवाड्यात राजाचा प्यालेबरदार होता. मोठ्या विश्वासाची जागा. यरुशलेमेची तटबंदी पडली आहे ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली, आणि राजापुढे तो बोलला नीसान महिन्यात. मध्ये साधारण चार महिने गेले. त्या काळात शोक, उपास आणि प्रार्थना केल्याचं तो सांगतो. पण राजाने 'तुला काय हवं?' असं विचारलं तेव्हा मनोमन प्रार्थना करून तो लगेच बोलला: किती दिवस लागतील, वाटेतल्या सुभेदारांना कोणती पत्रं हवीत, लाकूड कोणाकडून मिळेल. यरुशलेमेत पोचल्यावर तीन दिवस थांबला, रात्री थोडी माणसं घेऊन तट पाहून आला, आणि मगच लोकांशी बोलला. काम 52 दिवसांत पुरं झालं. प्रार्थनेने त्याची योजना पुसली नाही. ती कोणासाठी आहे हे आधी ठरवलं.

आता आपल्याच मुलखातलं उदाहरण घेऊ. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ही मुदत संपणार हे उघड होतं, म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. उत्पन्नातून संस्था चालावी, असा विचार. अगदी व्यवहारी योजना. पण 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या जणींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. मग केडगावची ती जमीनच त्यांचा आसरा झाली, आणि तिथेच पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं.

इथे नीट पाहायला हवं. योजना नसती तर जमीन नसती. आणि योजनाच सर्वस्व असती, तर 'ही जागा उत्पन्नासाठी आहे' म्हणून फाटक बंद राहिलं असतं. योजना करावी, पण मूठ उघडी ठेवून. भरवसा म्हणतात तो हाच.

तुम्ही विचाराल, मार्गदर्शन देवाचं आहे की आपलीच इच्छा बोलते आहे, हे ओळखायचं कसं? प्रश्न रास्त आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला आशियात आणि बिथुनियात जाण्यापासून अडवलं गेलं. त्रोवसला रात्री त्याला दर्शन झालं: मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावतो आहे. दर्शन एकट्या पौलाला झालं; पण देवाने आपल्याला तिकडे बोलावलं आहे हे अनुमान लिहिताना लेखक 'आम्ही' म्हणतो. सोबत्यांनी मिळून अर्थ लावला. 'देवाने मला सांगितलं' या एका वाक्याने घरातली चर्चा बंद करता येते, आणि त्याची किंमत बहुधा पत्नी, मुलं आणि मागे राहिलेली मंडळी मोजतात. ज्यांना आपल्याबरोबर जायचं आहे त्यांचं म्हणणं ऐकणं, हा अविश्वास नव्हे.

दुसरी कसोटी इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिली: मन उदास, कोरडं झालेलं असताना आधीचा निश्चय बदलू नये. समितीशी भांडण झालं, त्याच रात्री राजीनामा लिहिला, आणि सकाळी त्याला 'पाचारण' म्हटलं, असं होऊ नये. मन शांत होऊ द्यावं. तरीही जावंसं वाटलं तर जावं.

आणि यश ही कसोटी धरू नये. पौल मासेदोनियात गेला. दर्शनात पुरुष दिसला होता. फिलिप्पैत नदीकाठी ऐकायला भेटल्या त्या स्त्रिया, त्यांतली लुदिया पहिली विश्वासणारी. त्यानंतर त्याच गावात फटके आणि तुरुंग. म्हणून दर्शन खोटं ठरलं, असं कोणी म्हटलं नाही. देव वाट दाखवतो, वाट सोपी असेल असं वचन देत नाही.

तेव्हा बदल समोर असेल तर हिशेब जरूर मांडा, घरच्यांशी बोला, नव्या जागी जाऊन पाहून या. फक्त त्याआधी स्वतःला विचारा: हा सगळा आराखडा देवाने बदलला, तर आपण तो बदलू देणार आहोत का? उत्तर 'नाही' असेल, तर आणखी थोडं थांबायला हवं.