फॉरमॅट मारण्याआधी

घरचा संगणक : लेखांक ६

मायक्रोसॉफ्टची महिन्याची मुख्य अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. भारतात तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून बुधवारी सकाळी वायफाय गायब, आवाज बंद किंवा टचपॅड हलेना अशा तक्रारी सुरू झाल्या, तर आधी अपडेटवरच संशय घ्यावा. लॅपटॉप दुकानात नेला की पुष्कळदा पहिलंच वाक्य ऐकू येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." ते लगेच मान्य करू नका. अपडेटने केलेला बिघाड बहुतेक वेळा उलट पावली जाऊन दुरुस्त होतो, आणि त्यात तुमच्या एकाही फाइलला हात लागत नाही.

पहिलं काम रीस्टार्टचं. नुसतं शट डाउन करून पुन्हा चालू करणं पुरत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा जसाच्या तसा जपून ठेवते आणि बिघाडही त्याच्यासोबत राहतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

तरीही एखादाच भाग रुसलेला असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते बटण फिकट दिसत असेल, तर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा मॉडेल नंबर पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवावा. वायफायच बंद असेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, इंटरनेट मिळतं.

महिन्याचं अपडेट काढायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अपडेट हिस्टरीखाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. विंडोजची अख्खी आवृत्ती बदलली असेल, तर रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' मिळतं, पण फक्त १० दिवस. मग जुनी विंडोज आपोआप पुसली जाते. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" असं म्हणू नका.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून तो बंद करायचा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि मग अनइन्स्टॉल अपडेट्स.

याच टप्प्यावर अनेकजण अडतात, कारण पडदा ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागतो. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी कीशिवाय काही वाचता येत नाही. फोनवरून त्याच खात्यात लॉगइन करून आपल्या उपकरणांच्या यादीत शोधलं, तर की बहुतेक सापडते. एकापेक्षा जास्त सापडल्या, तर पडद्यावरचा की आयडी जुळवून पाहावा.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय मात्र लहान होता : सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. फॉरमॅटची गरज नव्हती. पण प्रत्येक संगणकापाशी जाऊन हे करायचं होतं, आणि जिथे बिटलॉकरची की हाताशी नव्हती तिथे तंत्रज्ञ खोळंबून राहिले.

माझं स्पष्ट मत आहे : आधी फाइलींची प्रत घेतल्याशिवाय जो फॉरमॅट मारायला निघतो, त्याच्या हाती लॅपटॉप देऊ नये. लेकरांचे फोटो, प्रबंधाची प्रकरणं, दुकानाचे हिशेब पुन्हा मिळत नाहीत. विंडोज केव्हाही पुन्हा टाकता येते.

तुमचा लॅपटॉप आज नीट चालत असेल तर आजच ती ४८ अंकी की कागदावर उतरवा आणि खरेदीच्या बिलासोबत ठेवा. लॅपटॉपमध्येच लिहून ठेवू नका. फाइलींची प्रत कशी आणि कुठे ठेवावी, ते पुढच्या आठवड्यात पाहू.