आखडलेला खांदा

खांदा आखडलेलं माणूस फिजिओथेरपीला येतं ते मशीनच्या आशेनं. दहिवडीतल्या एका छोट्या दवाखान्यात सकाळभर बसलो होतो, आत येणारा जो तो आधी हेच विचारी, "मॅडम, आज करंट लावणार ना?" मॅडम करंट लावतात, शेकही देतात. त्यानं दुखणं दबतं, खांदा सुटत नाही.

पन्नाशीच्या एका काकूंची पाळी आली. त्यांना साखरेचा त्रास जुना, आणि मधुमेह्यांचे खांदे जास्त आखडतात. वेणी घालायला हात डोक्यामागं जात नव्हता. मॅडमनी कोनमापक लावला: ९५ अंश. निरोगी हात १८०च्या आसपास जातो. पण त्या ९५ मध्येही चोरी होती. काकू पाठीचा फरा वर ओढून हात उचलल्याचं दाखवत होत्या. मॅडमनी फऱ्यावर तळवा दाबून धरला आणि पुन्हा मोजलं. ७०.

सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. बगलेकडं ते सैल, घड्यांचं असतं, म्हणून हात वर जातो. आखडलेल्या खांद्यात ते जाड होऊन आक्रसतं. हात वर जाताना दंडाच्या हाडाचा गोळा खाली सरकावा लागतो. नाही सरकला तर वरच्या हाडाला अडतो. म्हणून मॅडम हात ओढत बसल्या नाहीत. काकूंना उताणं झोपवून हात थोडा बाजूला घेतला आणि त्या गोळ्यावर पायांच्या दिशेनं लयीत दाब देऊ लागल्या. सरकणं मिलिमीटरांतलं, बघणाऱ्याला काही घडतंय असं वाटतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी या दाबाच्या पायऱ्या लावून दिल्या: दुखत असेल तर हलके झोके, नुसता ताठरपणा उरला असेल तर अडेल तिथपर्यंत.

"एकदाच हिसका द्या की, मोकळा हुईल," काकूंच्या मालकांनी सुचवलं. हाडवैद्याकडं त्यांनी ते पाहिलेलं. हिसक्यानं स्नायू आणखी आवळतात, दुखणं भडकतं आणि दुसऱ्या दिवशी हात आदल्या दिवसाइतकाही उठत नाही.

निम्म्याहून जास्त काम घरीच व्हायचं असतं. ओणवं होऊन हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. हा व्यायाम अमेरिकी सर्जन कॉडमन यांचा, 'फ्रोझन शोल्डर' हे नावही त्यांनीच १९३४ साली दिलं. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, पोचतील तिथं खडूनं खूण करायची. कप्पीवरून दोरी टाकून चांगल्या हातानं दुखरा हात वर ओढायचा. काकूंच्या आडाची कप्पी पडूनच होती. ती गोठ्याच्या आढ्याला बांधायची ठरली.

वरकुटे, कुकुडवाडकडून एसटीनं यायचं म्हणजे अर्धा दिवस आणि तेवढा रोजगार बुडतो. हा खांदा तर वर्षभरही घेतो. बाजरीच्या काढणीत खेपा तुटतातच. महिन्यानं उगवलेल्या माणसाला मॅडम रागावत नाहीत, भिंतीवरची खूण कुठवर गेली तेवढं विचारतात.